टक् आणि मग गप्प

सोमवारपासून आमच्या जुन्या पिकअपची किल्ली फिरवली, की ती एकदाच "टक्" म्हणायची आणि गप्प बसायची. माझ्या सासूबाई रागावल्या की अगदी अशाच वागायच्या. त्यामुळे मला त्या आवाजाची भीती वाटली नाही, उत्सुकताच वाटली.

पण आज बारा वाजता भंगारवाला तिला ओढून न्यायला येणार होता. शब्द नवऱ्याने दिला होता, गाडी मात्र माझी. रोपवाटिकेतली रोपं मी तिच्यातूनच घरोघरी पोचवते. ती गेली की माझा धंदा बसलाच.

"वहिनी, स्टार्टर गेलाय," शेजारचा गॅरेजवाला म्हणाला होता. "वीस वर्षांच्या म्हातारीला अजून किती नाचवाल?"

"नाचत नाही म्हणजे पायच गेला, हे कशावरून भाऊ?"

तो हसत निघून गेला होता.

मी यातलं काही शिकलेले नाही. पण मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर उघडून परत बसवलीय, आणि उरलेले स्क्रू कधी दोनाच्या वर गेले नाहीत.

बॅटरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. म्हणजे पोट भरलेलं. दिवे लावले, तर मिणमिणले. नवऱ्याला किल्लीपाशी बसवलं. टक् झालं आणि दिवे पार विझले. पोट भरलेलं, मग ताकद हातापायांत का पोचत नाही?

"अकरा वाजले," नवरा म्हणाला.

"घड्याळ मलाही कळतं. तुम्ही फक्त किल्ली फिरवा."

बॅटरीतून दोन जाड वायरी निघतात. एक स्टार्टरकडे जाते, ती ठणठणीत होती. दुसरी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते, वीज तिच्यातून घरी परतते. मी एक सुटी जाड केबल घेतली. एक चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरा थेट इंजिनच्या लोखंडाला.

"फिरवा."

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

"अगं! काय केलंस?"

"काही नाही. आडवाट दाखवली. आता बंद करा."

"बंद? चालू झालीय ना!"

"का झाली ते कळू दे की."

केबल काढून मी तो बोल्ट खोलला. वायरीच्या टोकाची कडी आणि तिच्याखालचं लोखंड, दोन्ही हिरवीगार. आमच्या फाटकाचा, स्टुलाचा, बादलीच्या कडीचा हिरवा. नवऱ्याच्या हाती उरलेला रंग लागला की घरात फक्त माणसं वाचतात. रंगातून वीज जात नाही; बोल्टच्या आट्यांतून दिव्यांपुरती सरकत असणार, स्टार्टरला तेवढी कुठे पुरायची!

मी ती हिरवी कडी नवऱ्याच्या नाकासमोर धरली.

"बॅटरीखाली गंज चढला होता," तो हळूच म्हणाला. "रविवारी तू बाहेर होतीस. म्हटलं, तुझी गाडी आहे, दोन हात देऊन टाकू."

"बोल्ट खोलून?"

"अर्धवट काम मला आवडत नाही."

याच माणसाने भंगारवाल्यालाही बोलावलं होतं. मी पॉलिशपेपर त्याच्याच हाती दिला. कडी आणि लोखंड, दोन्ही चकाकेपर्यंत त्याने घासलं. मी कडी बसवली, बोल्ट आवळला, गंज नको म्हणून वरून ग्रीस फासलं आणि किल्ली फिरवली. टक् ऐकूच आलं नाही, गाडी थेट सुरू झाली.

बाराला पाच कमी असताना भंगारवाला दारात. "गाडी कुठाय?"

"ही काय, निघाली," मी म्हटलं. मागे रोपं भरलेली होती. नवऱ्याने न सांगता फाटक उघडलं. मग त्याला माझ्या पायाशी अर्धा भरलेला डबा दिसला.

"रंग कुठे नेतेस?"

"पहिल्या गिऱ्हाइकाला. रोपासोबत फुकट."