अख्खं जाळं

केसरबाईनं जाळ्याच्या कडेचा शिशाचा मणी कात्रीनं तोडला आणि डब्यात टाकला. धरणाच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये तिचं हेच काम. लोकांनी टाकून दिलेल्या जाळ्यांचं शिसं काढायचं, बुचं काढायची, गाळ धुवायचा. मग पंडितच्या टेम्पोतून ती कारखान्यात जात. तिथं वितळून त्यांचे नायलॉनचे दाणे होत, दाण्यांचे ब्रश, पिशव्या. जाळं म्हणून काही उरत नसे.

तिचा धाकटा दीर आश्रुबा पाठीवर गोणी घेऊन आला आणि शेड ओलांडून थेट टेम्पोकडं निघाला.

"भावजी, शिसं काढायचं ऱ्हायलं की."

"काढलंय म्या. तुमी कावून तरास घेता, वैनी?"

"सूर्य मावळतीला उगवला म्हनायचा!" पंडित हसला. "ह्याला ताटातला मासा बी काटं काढून द्यावा लागतो."

आश्रुबा हसला नाही. केसरबाईनं गोणीचं तोंड सोडलं. आतल्या जाळ्याच्या दोरीला हिरव्या लुगड्याचा काठ बांधलेला होता. गाठ तिच्याच हातची.

गेल्या पावसाळ्यात दोघे भाऊ हेच नवं जाळं घेऊन पाण्यात उतरले होते. तिच्या नवऱ्याचा, बिभीषणचा, पाय त्यात गुंतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं प्रेत पाण्यावर आलं, जाळं मात्र सापडलं नाही. अंबाजोगाईहून चिरफाड होऊन प्रेत आलं तेव्हा आश्रुबा तिच्या पायाशी लोळला होता.

"वैनी, लई कापलं वो जाळं. सुरी बोथट झाली. दादा सुटलाच न्हाई."

तो जेवेना, तेव्हा तिनंच त्याला घास भरवला होता.

केसरबाईनं जाळं जमिनीवर पसरलं. सांधायला घेताना फिरवावा तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. एकही दोरा कापलेला नव्हता, एकही घर तुटलेलं नव्हतं.

कापायला पळभर पुरतं. माणसाच्या पायातून जाळं अख्खं सोडवायला निवांतपणा लागतो. आणि माणूस हलायचा थांबावा लागतो.

पंडितनं हॉर्न वाजवला. "टाक बे लवकर, आश्रुबा!"

"वैनी," आश्रुबा पुटपुटला, "नवंकोरं व्हतं..."

तिनं कात्री पदराला पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग खाली बसून आपला पाय जाळ्यात सरकवला, वरून एक वेढा घेतला.

"कापा, भावजी."