रोसांदाची लाल कडी

"बंद कर ती करवत!" मी ओरडलो.

मुकादम स्लावोल्युबनं यंत्र थांबवलं आणि वावरात शिरलेल्या ढोराकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"काय झालं, विटोमिरकाका?"

"काय झालं म्हनतोस? झऱ्याची समदी वाट बोडकी केलीस. हाटेलाचा रस्ता खालच्या अंगानं जातोय. ही झाडं तुला कुठं आडवी आली?"

"गाड्यास्नी वर यायला वाट पायजे. हाटेलाचा सायेब म्हनला, रंग दिलेली झाडं पाडा. आमी पाडली. आमचं काय चुकलं?"

मी खाली बघितलं. आडव्या पडलेल्या प्रत्येक बुंध्यावर लाल कडं होतं, मध्ये पांढरा ठिपका.

तोडायच्या झाडावर निळी रेघ असते. लाल कडं माझ्या बायकोचं, रोसांदाचं. इथल्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला येणाऱ्यांची वाट चुकू नये म्हणून दर वसंतात ती डबा-कुंचला घेऊन झऱ्यापर्यंत जायची. शेवटच्या वेळी तिला चढवेना. तिनं दगडावर बसून बोट दाखवायचं, मी रंगवायचं. "वाकडं काढलंस. पूस, परत काढ," एवढंच बोलायची. बर्फ पडायच्या आत ती गेली.

"आरं गाढवा, ही वाटेची खूण! निळी रेघ बघायची व्हती!"

"निळं-बिळं कुनी सांगितलं न्हाई. रंग त्यो रंग."

मागून पलीकडच्या गावचा मिलोये दात काढत म्हणाला, "काकूनं लैच ठळक रंगवलं व्हतं, काका. हुडकाय तरास पडला न्हाई."

माझी मूठ वळली. त्याला हाणून झाड उभं राहणार नव्हतं, म्हणून तशीच ठेवली.

झऱ्याजवळचा ओक तेवढा उरला होता. तिचं शेवटचं कडं त्याच्यावर.

"त्यो उद्या सकाळी," स्लावोल्युब म्हणाला. "त्याच्याबिगर गाडी वळत न्हाई."

मी तसाच पाद्री झिवानच्या दारात गेलो. तो घेवड्याचं कालवण जेवत होता.

"बाबा, झऱ्याच्या ओकाचा झापिस करायचाय. आत्ता." झापिस म्हणजे क्रूस कोरून देवाला सोडलेलं झाड; त्याला कुणी हत्यार लावत नाही.

"येडा का खुळा तू? क्रूस कोरला की झाड मंतरलं असं नसतंय. गाव जमावं लागतं, मिरवणूक लागते."

"गावाला हाटेलात नोकऱ्या पायजेत. गाव येनार न्हाई. तुमी या."

"वरचे मला जाब इचारतील."

"रोसांदाला मातीत ठेवताना काय म्हनलात? कायबी लागलं तर सांग. हे लागलंय!"

त्यानं चमचा खाली ठेवला. दिवस मावळायच्या आत मी सालीवर क्रूस कोरला, तिच्या कड्याच्या वर. खोडाला एक भोक पाडलं. त्यानं मंत्र म्हटले, भोकात तेल घातलं, मेणानं बुजवलं.

सकाळी करवत सुरू झाली आणि झाडापाशी येऊन थांबली.

"हे काल नव्हतं," स्लावोल्युब म्हणाला.

"आज हाय."

"मिलोये, काप तू."

मिलोयेनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. "न्हाई बाबा! माझ्या आज्यानं झापिसाची फांदी चुलीत घातली. त्या साली गारांनी आमच्या वेलीवर पानबी ठेवलं न्हाई. तूच काप."

"माझी बायकू पोटुशी हाय, लेका!"

"मग गप ऱ्हा."

"भाईरची मानसं आनीन मी, काका!" स्लावोल्युब माझ्यावर गुरकावला.

"आन. हे काय हाय ते त्यास्नी सांगून आन."

करवत उचलून सगळे खाली उतरायला लागले. ओक राहिला, पण वाट राहिली नाही. अख्ख्या उतारावर एकटा तोच, बाकी बुडखे. माझा राग काही उतरेना. साहेबाची पांढरी गाडी खाली उभी होती. मी रोसांदाचा डबा आणला, झाकण उचकटलं, आणि गाडीच्या दारावर लाल कडं काढलं, मध्ये ठिपका.

"आवो काका! सायबाची गाडी हाय ती!"

"रंग दिलेलं पाडतोस न्हवं? दिलाय रंग. पाड आता."

मिलोये हसायला लागला, मग बाकीचेही. मी मागं सरून बघितलं. कडं वाकडं झालं होतं. ती असती तर पुसून परत काढायला लावलं असतं.

मी पुसलं आणि परत काढलं.