टोरोंटो ते म्हसळा, एका दोऱ्यावर

मित्रांनो, म्हसळ्याजवळच्या एका गावात, खिडकीपाशी थोडा तिरका उभा असायचा तो जुना पृथ्वीगोल म्हणजे मी. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल चिकटवून मला बनवले. तेवीस वर्षे मी शाळेत होतो. मुलांनी मला इतके फिरवले, की श्रीलंका पार पुसून गेली. पट कमी होऊन शाळा बंद पडली, तेव्हा धर्माजी गुरुजींनी मला घरी आणले.

गुरुजी माझ्यावर दोरा ताणून अंतरे शिकवत. एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. शाळा तपासायला आलेले साहेबही त्या दोऱ्याचे कौतुक करून जात.

गुरुजींची मुलगी शिवानी टोरोंटोला नोकरी करते. गेल्या फेब्रुवारीत तिची आई, कोकिळाबाई, फार आजारी पडली. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. शिवानीने मिळेल ते तिकीट काढले. आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेसातला तिचे विमान उडाले.

गुरुजींनी दोरा ताणला. "साडेबारा हजार किलोमीटर. पंधरा तास विमानाचे, पाच गाडीचे, अर्धा तास सामानाचा. उद्या दुपारी चारला शिवानी दारात!"

शेजारच्या नीराबाई म्हणाल्या, "गुरुजी, ह्या भोपळ्याला दोरी बांधून इमान येतं व्हय? पोरीला इचारा की."

"तेवीस वर्षं शिकवलंय मी हे, नीराबाई."

सकाळी कोकिळाबाईंनी मला उशाशी ठेवून घेतले. "अवो, कुठवर आली?" त्या विचारत आणि गुरुजी बोट पुढे सरकवत. साडेदहाला बोट मुंबईवर टेकले. कोकिळाबाई हसल्या. "आता आपल्याच मुलखात हाय. नीराबाई, भाकरीचं पीठ काढून ठेवा."

अकराला शिवानीचा निरोप आला. 'बाबा, घाईत सांगायचं राहिलं. विमान बदलायला आखातात थांबलेय. पुढचं आपल्याकडच्या रात्री साडेदहाला आहे.' गुरुजींनी तो दोनदा वाचला. बायकोच्या चेहऱ्यावरचे हसू पाहिले आणि फोन खिशात घातला.

चार वाजले. पाच वाजले. कोकिळाबाई दाराकडे पाहत होत्या.

"मुंबईत उतरून इतका वेळ झाला. पोर घरी न्हाय आली?"

"रस्त्यात गर्दी असेल."

"न्हाय. आधी मैत्रिणीकडं गेली असंल. तिला काय बोलू नका हां."

दिवेलागणीला त्या गेल्या.

शिवानी दुसऱ्या दिवशी उजाडताना आली. बराच वेळ आईजवळ बसली. मग म्हणाली, "बाबा, मी अडकलेय हे आईला सांगितलं होतंत ना?"

गुरुजींनी उशाजवळून मला उचलले.

तेव्हापासून मी कपाटावर आहे, फडक्याखाली. मित्रांनो, अंतर मी बरोबर सांगितले होते. तुम्हीही माझ्यावर दोरा जरूर ताणा, मला आवडेल. पण कोणी दाराकडे डोळे लावून बसले असेल, तर वाटेतल्या माणसाला विचारल्याशिवाय वेळ सांगू नका. आणि उशीर होणार हे कळले, तर तेव्हाच सांगा. समोरच्याचे हसू मावळले तरी सांगा.