अंगठ्याचा रेटा

महिन्यात तिसऱ्यांदा कौसल्याआजी रस्त्यात अडखळल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रीतमने, निकालच देऊन टाकला.

"चक्कर येऊन राहिली तुले, आई. आता विहारात एकटीनं जायचं नाही."

"वर्षावास सुरू आहे. वाचन कोण करंल? तू?"

पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं आणि यंदा वाचणाऱ्या आजी होत्या. त्या दिवशी नात रितिका सोबत गेली. तिला चक्कर पटत नव्हती. बीपी तिने स्वतः मोजलं होतं, ठीक होतं. वाटेत आजी भिंतीला हात लावत, आखूड पावलं टाकत चालल्या. विहाराच्या दाराशी त्यांनी सँडल काढली आणि आत सरळ आपल्या जागेवर जाऊन बसल्या. परतताना सँडल पायात आली, तसा हात पुन्हा भिंतीवर गेला.

चक्कर काही चप्पल पाहून येत नाही.

घरी रितिकाने त्यांना ओट्याशी एका पायावर उभं केलं. सँडल घालून दोन सेकंद, अनवाणी सहा. पुन्हा केलं, तेच. मग तिने पाय नीट पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, अंगठा शेजारच्या बोटावर कललेला. पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठ्याचा असतो. हा रेटा भलतीकडे जात होता. त्यात सँडलचं निमुळतं टोक त्याला आणखी दाबत होतं.

"दुखते का?"

"दुखते थोडं."

"मग हीच काहून घालून राहिली वं आजी?"

आजी चष्मा पुसत राहिल्या. "तुझ्या पहिल्या पगाराची आहे ना."

प्रयोगशाळेत केसाची जाडी मोजणाऱ्या रितिकाने सँडल घेताना पावलाची फक्त लांबी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरवर आजींना उभं करून पाऊल आखलं आणि तो कागद घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेली. पुढून ऐसपैस, पट्ट्यांचे काळे बूट मिळाले. डॉक्टरांची वेळही तिने घेतली.

"हे तर पोस्टमनचे बूट," आजी म्हणाल्या. "अन् ते सँडल फेकू नको. लग्नात खुर्चीवर बसाले चालंल."

संध्याकाळी आजी तेच बूट घालून निघाल्या आणि प्रीतम दहा पावलं मागे राहून विहारापर्यंत गेला. आजींनी भिंतीला एकदाही हात लावला नाही.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी तो बाहेर येऊन म्हणाला, "चल आई, सोडून देतो."

ओसरी रिकामी होती. रितिकाने बोट दाखवलं. काळे बूट गल्लीच्या टोकाशी वळत होते.