लाल उजेडातला धाकटा

"अरे, एक पांढरा दिवा टाक म्हटलं त्याच्यावर! एकच!"

दिवेवाल्यानं मान हलवली. "मावशी, मूड जातो."

मूड! फोटोवाल्या मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या क्लबात ती वर्षानुवर्षं बँडचे फोटो काढत होती आणि हा प्राणी वर्षानुवर्षं सगळ्यांना लाल रंगात बुडवत होता. लाल उजेडात माणसाला नाक नाही, डोळे नाहीत, नुसता टोमॅटो. गाणारीवर निदान अधूनमधून निळं-पिवळं काही पडायचं. मागे ड्रम वाजवणाऱ्याच्या वाट्याला काळोख, आणि तो ड्रमवाला म्हणजे तिचाच पाठचा भाऊ.

धाकटा आज शेवटचं वाजवत होता. "कंटाळा आला," एवढंच कारण. बायकोनं विचारलं, आईनं विचारलं, तेच उत्तर. मग आई हिच्यावरच घसरली होती. "दुनियेचे फोटो काढतेस. याचा वाजवतानाचा एक तरी दे!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडून शटरचा वेग उतरवला, तर धाकट्याचे हात धुरासारखे आले. वेग चढवला, तर सगळं काळं. गाण्यामागून गाणी चालली होती. शेवटून दुसरं गाणं लागलं, तेव्हा तिनं पिशवीतून फ्लॅश काढला. बँड वाजत असताना फ्लॅश मारायचा नाही, हा तिचाच नियम. नवशिक्यांना त्यावरून तिनंच झापलं होतं. गेला खड्ड्यात नियम!

लख्खकन उजेड पडला आणि धाकट्याचा ठोका चुकला. चुकला कसला, हरवलाच. बाकीचे पुढे निघून गेले, हा मागेच कुठेतरी ठोकत राहिला. गाणारीनं वळून बघितलं आणि गाणं कसंबसं गुंडाळलं. लोक हसले.

"मावशी, काय हे!" गाणारी माइक झाकून ओरडली.

मावशी कडेकडेनं धाकट्याजवळ गेली. "एका फ्लॅशनं एवढा गडबडलास?"

"काय?"

"अरे, म्हटलं..."

"जोरात बोल, ताई." तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग मान खाली घालून म्हणाला, "ऐकू येत नाही गं आता. गिटारवाला पायानं ताल धरतो ना, तो बघून वाजवतो. तू उजेड मारलास आणि पाय दिसेनासा झाला. अजून डोळ्यांपुढे ठिपके नाचतायत. एक गाणं राहिलंय, कसं वाजवू?"

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्याचा चेहरा स्वच्छ आला होता, घामाचा थेंब न् थेंब मोजावा असा. डोळे मात्र खाली, गिटारवाल्याच्या बुटावर खिळलेले.

ती दिवेवाल्याकडे धावली. तिला येताना पाहूनच तो म्हणाला, "नाही म्हणजे नाही! चेहऱ्यावर दिवा मिळणार नाही."

"चेहरा राहू दे रे. गिटारवाल्याच्या बुटावर टाक. पांढरा. आणि गाणं संपेपर्यंत हलवू नकोस."

"बुटावर?"

"टाक रे बाबा. पाया पडते तुझ्या."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दिवा वळवला.

गिटारवाल्याच्या बुटावर पांढरा गोल पडला. बुटावरची धूळ दिसली, सुटलेली नाडी दिसली. "दिवा चुकला वाटतं," कुणीतरी हसून म्हणालं. बूट वर उचलला गेला, खाली आला, आणि मागच्या काळोखात ठोका अगदी जागच्या जागी पडला.