गोपालची घागर

चंचलने शेजारच्या मंगलाबाईंच्या घागरीतलं पाणी पिऊन टाकलं हे कळलं, तेव्हा छायाच्या पायाखालची जमीनच सरकली.

घागर साधीसुधी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर घरी येतात म्हणून मंगलाबाईंनी आपल्या मुलाच्या, गोपालच्या नावाने भरलेली, पाटावर मांडून वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेली. गेल्या वर्षी एका मिलची टाकी साफ करायला उतरलेले तिघे गुदमरून गेले, त्यांतला एक गोपाल. नैवेद्य अजून व्हायचा होता. चार वर्षांच्या चंचलने डांगर बाजूला सारलं, फुलपात्र बुडवलं आणि ती घटाघटा प्याली. वर घरी येऊन सांगितलं, "आजीचं पाणी मस्त थंड आहे, मम्मी."

छाया बीएस्सी झालेली. पाण्याने काही होत नाही हे तिला कळत होतं. तरी मेलेल्याच्या वाट्याचं पाणी आपलं लेकरू प्यालं, या विचाराने तिने दोनदा पोरीचं कपाळ चाचपलं. त्यात आणखी एक त्रांगडं. त्या तिघांच्या नावाने छाया आणि गल्लीतल्या बायका आजच त्याच मिलच्या फाटकासमोर पाणपोई मांडणार होत्या. तिने मंगलाबाईंकडे घागर मागितली, तर त्या कडाडल्या होत्या, "आखाजीले मना गोपाल घर ई, का परत त्या मिलमा जाई?" तेव्हापासून मोठ्यांचं बोलणं बंद. चंचलचं जाणं-येणं मात्र चालूच. आता बाई म्हणणार, मागून मिळेना म्हणून घागर उष्टी करायला पोरीला धाडलं.

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. पण मुलीचा हात धरून ती गेलीच.

"मावशी, ही घागरीतलं पाणी प्याली. नैवेद्याआधी. माझंच लक्ष नव्हतं."

मंगलाबाईंनी बाजूला सारलेलं डांगर उचलून परत घागरीवर ठेवलं. मग चंचलसमोर उकिडव्या बसल्या.

"तान लागनी व्हती का तुले?"

"हो."

"पोट भरनं?"

चंचलने मान हलवली. मंगलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि एकदम हसल्याच. "गोपाल बी असाच. नैवेद्य व्हवाना पहिलेच हात घाले. कितला मार खादा त्यानी!"

"हिला काही होणार नाही ना?" छायाच्या तोंडून निसटलंच.

"इतली शिकेल बाई तू! पाणी पिसन कोनले काय व्हस?" मंगलाबाई उठल्या. "पन घागर उष्टी हुई गई. पितरले नही चालाव. तुनी पाणपोईवर लई जाय. गोपालकरता मी घरमा नवी भरस."

छायाच्या छातीवरचा दगड उतरला. तिने घागर उचलून कडेवर घेतली.

दुपारी पाळी सुटली. घरचा नैवेद्य आटोपून मंगलाबाई स्वतःच फाटकासमोर उभ्या होत्या. एका परप्रांतीय कामगाराने घागरीत थेट हात घालायचा अवकाश, "ओ भाई, नहाने आया है क्या? अंजली कर, मैं डालती हूँ!" म्हणून त्यांनी त्याला झापलं. रांगेत हशा पिकला.

पाणी तळाला लागलं. बादली घेऊन छाया नळाकडे निघाली. चंचल मंगलाबाईंच्या पायाशी बसून लोकांना हाका मारत होती. मंगलाबाई असताना तिला सोबत न्यावं, हे छायाच्या मनातही आलं नाही.