काचेच्या कापडाचं ठिगळ

जळबाने नावेतला शेवटचा दगड काढून टाकला आणि बायकोच्या मदतीने बुडवलेली नाव काठावर ओढली. बुडातली चीर जशीच्या तशी होती.

"फुगली न्हाई," सोजराबाई म्हणाली.

लाकडी नाव गळू लागली की भोई ती दगड भरून बुडवून ठेवतात. फळ्या फुगतात, फटी मिटतात. जळबाने डोळे झाकून तेच केलं. पण सिद्धेश्वर धरणावरच्या मासेमारी सोसायटीने त्याला दिलेली ही नवी नाव फायबरची होती. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि बाभळीच्या खुंटाने तिचं बूड फाडलं. फायबर बिचारं काय फुगणार!

पलीकडच्या काठावर सासरी लेक पद्मा दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि धरणाला वळसा घालून बैलगाडीने तिला आणणं म्हणजे जिवाशी खेळ. जळबाला घास गोड लागेना.

हिंगोलीत ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करणाऱ्या किसनसिंगने त्याच्यापुढे डांबर, पत्रा, काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड आणि चिकट रसायनाचा डबा मांडला. जळबाचा हात आपसूक ओळखीच्या डांबराकडे गेला.

"डांबर धूप में पिघलेगा. पत्रा ठोकशील तर जितके खिळे तितकी भोकं," किसनसिंग म्हणाला. "नाव याच कापडाची बनलीय, हेच लाव. पण बूड पक्कं सुकलेलं पाहिजे. ओल राहिली तो सब उखड जाएगा."

"सुकेलच हाय," जळबा बोलून गेला. नाव आपणच बुडवून ठेवली होती, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

कापड आणि डबा घेऊन तो घरी आला आणि नाव उन्हात पालथी घातली. रोज दुपारी सोजराबाई बुडाला गाल लावून बघायची.

"आजून गार लागून राहिलं."

"पोरीचे दिवस थांबतेत का? लावून टाकू तसंच."

"मंग त्यात पोरीला बशिवणार तुमी?"

जळबाने डबा परत झाकून ठेवला. एका दुपारी तिने मान डोलावली तेव्हा कुठे त्याने कापडाचे थर रसायनात भिजवून चिरीवर आतून-बाहेरून चिकटवले. वाळल्यावर ठिगळ दगडासारखं वाजलं.

नवराबायको त्याच नावेतून पद्माला आणायला गेले. परतताना पोर मधल्या फळीवर आईला टेकून बसली. भर पाण्यात जळबाच्या अनवाणी पायाला ओल लागली, आणि त्याचं वल्हं थांबलं.

"अगं, पाणी. नाव गळून राहिली."

सोजराबाईने वाकून त्या पाण्यात बोटं बुडवली. मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोमट हाय. धरणाचं न्हाई हे," ती शांतपणे म्हणाली. "पोरीची पाणमोट फुटली. ठिगळ बघा तुमी."

जळबाने मागे वळून आतल्या ठिगळावर तळवा फिरवला. ठिगळ खडखडीत कोरडं होतं. त्याने मोठा सुस्कारा टाकला आणि त्याला असं हसू फुटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"काहून हसून राहिलास, बा?" कळ दाबत पद्माने विचारलं.

"न्हाई गं लेकरा," जळबा म्हणाला आणि डोळे पुसायलाही न थांबता त्याने वल्हं मारलं.